मोहफुलातलं ॲसिटोन

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की वाटेत जवाहरनगर लागतं. इथली आयुध निर्माणी १९६४ ची, म्हणजे चीन युद्धानंतरच्या काळातली. तोफगोळ्याला नळीतून बाहेर फेकणारी प्रणोदकं आणि स्फोटकं इथे तयार होतात. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात इथल्या आठ जणांचा जीव गेला. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल या कारखान्यावर पेटते, त्यामुळे ती बातमी इथे घरातल्यासारखीच लागली. याच जिल्ह्यात साकोली-लाखनीकडच्या जंगलपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात मोहाचा सडा पडतो. कारखाना आणि मोह यांचा आपसांत काही संबंध असेल, असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र तसा संबंध सरकारने जोडला होता, आणि जोडणारा दुवा होता ॲसिटोन.

नखांवरचा रंग पुसायच्या बाटलीत असतं तेच हे ॲसिटोन. पाण्यासारखं स्वच्छ, ५६ अंशांवर उकळणारं, आणि इतकं ज्वालाग्राही की थंडीच्या दिवसांतही त्याची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. युरोपात लिबावियसने १६०६ च्या सुमारास शिशाचं ॲसिटेट तापवून ते पहिल्यांदा मिळवलं, असं मानतात. पुढे शिशाची जागा चुन्याने घेतली आणि तीच रीत तीनशे वर्षं टिकली. कोरडा क्षार बंद भांड्यात तापवायचा, निघालेली वाफ थंड करून धरायची. पाठ्यपुस्तकात याला शुष्क ऊर्ध्वपातन म्हणतात.

ही अभिक्रिया मला फार सुंदर वाटते. चुनखडीवर व्हिनेगर ओतलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेलं पाणी आटवलं की पांढरं कॅल्शियम ॲसिटेट हाती येतं. ते खूप तापवलं की ॲसिटोन वाफ होऊन बाहेर पडतं आणि भांड्यात पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच शिल्लक राहतं, म्हणजे सुरुवातीची चुनखडी. ती पुन्हा व्हिनेगरमध्ये घालायला मोकळी.

घरी करून पाहण्याचा मोह होतो तो या सोपेपणामुळेच. पण हिशोब मांडला तर काय दिसतं? १५८ ग्रॅम ॲसिटेटमधून जास्तीत जास्त ५८ ग्रॅम ॲसिटोन. तेवढ्या ॲसिटेटसाठी १२० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागतं, म्हणजे चार टक्क्यांचं तीन लिटर व्हिनेगर. त्यातून पदरात पडणार अर्ध्या कपाहून कमी, तेही गळती आणि करपणं सोडून. आणि हे सगळं करायचं तापलेल्या भट्टीशेजारी, जिथे आग लागायला भांड्याची एक फट पुरेशी आहे. स्वयंपाकघर ही याची जागा नव्हेच.

कारखान्यात व्हिनेगरच्या जागी लाकूड होतं. बंद भट्टीत लाकूड भाजलं की कोळसा उरतो आणि आंबट, काळपट द्रव गळतो. त्यात चुना घातला की करडं ॲसिटेट मिळतं. साधारण शंभर टन लाकडामागे एक टन ॲसिटोन, असा तो खर्चिक व्यवहार होता. आपल्याकडे भद्रावतीला म्हैसूर संस्थानाने १९२३ मध्ये सुरू केलेल्या लोखंडाच्या कारखान्यात लोखंडासाठी लाकडाचा कोळसा होई आणि त्याच्या जोडीने ॲसिटेटही निघे.

लाकडाचं हे गणित युद्धाने मोडलं. १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट नावाची धूर न करणारी तोफेची दारू निघाली. तिच्यातलं गनकॉटन आणि नायट्रोग्लिसरीन एकजीव करायला ॲसिटोन लागे. निलगिरीतल्या अरुवनकाडूला १९०३ पासून कॉर्डाइटचा सरकारी कारखाना होता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. मँचेस्टरला रसायनशास्त्रज्ञ काइम वाइझमन यांनी मक्याच्या पिठावर जिवाणू वाढवून ॲसिटोन काढायची रीत बसवली. १९१७ मध्ये धान्यच दुर्मीळ झालं, तेव्हा इंग्लंडातल्या शाळकरी पोरांनी हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून दिली.

आपल्याकडे त्या जागी आला मोह. सुकल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. साखरेचं अल्कोहोल होतं, अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल, आम्लात चुना घातला की ॲसिटेट, आणि पुढची वाट वर सांगितलीच आहे. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गिल्बर्ट फाउलर या जीवरसायनशास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह मोहफुलाचा कसून अभ्यास केला. युद्धाच्या अखेरच्या काळात नाशिकला ॲसिटोनचा कारखाना उभारायचं काम सरकारने हाती घेतलं, ते याच फुलाच्या भरवशावर. युद्ध संपलं तशी निकडही संपली. त्या जागी पुढे सरकारी मध्यवर्ती डिस्टिलरी आली. ज्या फुलाकडे रसायनाचा कच्चा माल म्हणून पाहिलं गेलं होतं, ते पुन्हा दारूच्या खात्यात जमा झालं.

मला खरा तोटा वाटतो तो इथे. दारूची भीती सरकारला आधीपासून होतीच. ठाणे-कुलाब्यासाठी १८९२ मध्येच मोहफुलांचा कायदा झाला होता, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर बंधनं घातली. भंडारा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा इथेही लागू झाला. पहाटे उठून टोपलीभर फुलं वेचणाऱ्या, ती अंगणात वाळवणाऱ्या बाईला ठरावीक मर्यादेपलीकडे माल ठेवायला परवाना लागू लागला. मग फुलं पडत्या भावात व्यापाऱ्याला देण्यावाचून तिच्यापुढे दुसरा मार्ग फारसा उरला नाही.

तोवर ॲसिटोनचीही वाट बदलली होती. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या क्युमीनमधून फिनॉल आणि ॲसिटोन एकाच वेळी काढायची रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडली आणि आज जगातलं बहुतेक ॲसिटोन तिनेच बनतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या हर्डिलिया या रसायन कंपनीने महाराष्ट्रात तेच केलं. चुन्याचं ॲसिटेट पाठ्यपुस्तकातल्या एका समीकरणापुरतं राहिलं.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांच्या संकलनावरची, साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली. आता मोहाचे लाडू, सरबत, जॅम यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पेट्रोलियमशी स्पर्धा करून मोहाचं ॲसिटोन विकता येईल, असं मी म्हणणार नाही. पण भंडारा, तुमसर, साकोलीच्या महाविद्यालयांत रसायनाच्या प्रयोगशाळा आहेत, धूर ओढून घेणारी कपाटं आहेत, जाणते शिक्षक आहेत. गावच्या मोहापासून व्हिनेगर, व्हिनेगरपासून ॲसिटेट, आणि ॲसिटेटमधून चमचाभर ॲसिटोन हा प्रयोग एखाद्या वर्षी तिथे करायला काय हरकत आहे? मोह वेचणाऱ्या घरांतलीच मुलं त्या वर्गात बसलेली असतात.