खाटेला बांधलेला रुग्ण

हर्सूल कारागृहातील बंद्याचा आजार वाढला की त्याला घाटीत आणतात, हे आपल्या शहरात सर्वांना ठाऊक आहे. त्यातले कित्येक कच्चे कैदी. गुन्हा अजून शाबीत झालेला नसतो.

मागे दुसऱ्या एका गावी, सरकारी दवाखान्यात आम्ही पाहुण्याला बघायला गेलो. शेजारच्या खाटेवर एक बंदी तापाने फणफणलेला, पायातली साखळी खाटेच्या लोखंडाला. लघवीला जायचे तर शिपाई चहा पिऊन येईपर्यंत थांबायचे. म्हातारी आई भाकरी घेऊन दाराशी उभी. तिला वाटे, कायदाच असा असेल.

कायदा तसा नाही. गुवाहाटीच्या दवाखान्यात टाडाखालील सात बंद्यांना बेड्या घालून वर दोराने बांधले होते. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडले, त्या पत्राचीच याचिका झाली. १९९५ साली न्यायालयाने बजावले : दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय बेडी नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत काही गंभीर गुन्ह्यांत अटक करताना व कोर्टात हजर करताना बेडीची मुभा आहे. दवाखान्याच्या खाटेचे नावही त्या कलमात नाही.

तेव्हा भांडू नका. हुकूम दाखवा म्हणा. नसेल तर कोर्टात अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

त्या माउलीचा अर्ज आम्हीच लिहिला, तिने अंगठा उठवला. तिसऱ्या दिवशी साखळी निघाली. पहारा दाराशी होताच.