पडवीतला मुंगीसिंह

जळगाव-धुळ्याकडच्या धाब्याच्या घरांत, पडवीच्या नाहीतर गोठ्याच्या कडेला, जिथे पावसाचे शिंतोडे पोहोचत नाहीत आणि झाडूही क्वचितच फिरतो, तिथल्या भुसभुशीत मातीत दोन-तीन सेंटिमीटर तोंडाचे निमुळते खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी दडलेली असते. शेतातली काळी माती तिच्या कामाची नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. अळीला कोरडी, सुटी, न तुडवलेली धूळ लागते, आणि खानदेशात ती हमखास मिळते ती घराच्या आडोशाला.

अळी मागे सरकत गोल गोल फिरते आणि डोक्याने माती बाहेर उडवते. उडवताना जाडे कण दूर पडतात, बारीक कण उतारावर उरतात. खळ्यावर ज्वारीची रास एका ठरावीक उतारापलीकडे उभी राहत नाही, वरून दाणे ओतले तरी घसरतात. अळी खड्ड्याच्या भिंती नेमक्या त्या मर्यादेपर्यंत तीव्र ठेवते. मग मुंगीचा पाय पडताच माती ढासळते. मुंगी वर चढू लागली, तर अळी खालून मातीचा मारा करते आणि उतार पुन्हा कोसळवते. तिचे विळ्यासारखे जबडे पोकळ असतात. त्यांतून ती भक्ष्यात पाचक रस सोडते आणि आतला द्रव शोषून घेते. कोरडं कवच खड्ड्याबाहेर भिरकावलं जातं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते तिचं पोट. अळीला गुदद्वाराची वाट खुली नसते. जे पचत नाही ते पोटातच साठतं आणि प्रौढ झाल्यावरच बाहेर पडतं. अळीपणाचा हा काळ, अन्न कमी मिळालं तर, वर्षाहूनही लांबतो.

निरीक्षणाला उन्हाळ्यातली सकाळ उत्तम. भर दुपारी तापलेल्या मातीत अळ्या खड्ड्याच्या सावलीच्या बाजूला सरकतात किंवा खोल जातात. गवताच्या काडीने कडेची थोडी माती आत ढकलली, तर तळातून मातीचा फवारा उडतो. भुकेली अळी बरेचदा मोठा खड्डा करते, म्हणून शेजारशेजारच्या खड्ड्यांची रुंदी रोज मोजून वहीत लिहावी. मुलांना हे काम फार आवडतं.

पुढे अळी मातीत रेशमाचा गोल कोष विणते. त्यावर मातीचे कण चिकटल्याने तो खडाच वाटतो. त्यातून निघणारा लांब पंखांचा कीटक रात्री दिव्याकडे येतो आणि चतुर समजला जातो. चतुराच्या शृंगिका जेमतेम दिसतात. याच्या मात्र ठळक, टोकाला जाड झालेल्या असतात.