टायर हवेत, पाय जमिनीवर

घोडबंदर रोडवरच्या वाहतूक कोंडीत तुमची स्कूलबस अडकली, की खिडकीतून मेट्रोच्या कामाकडे नीट बघा. ट्रकवर बसवलेली मोठी क्रेन वजन उचलताना दिसली, तर मान वर करायच्या आधी तिच्या टायरांकडे नजर टाका. आठ-दहा दांडगे टायर, आणि बहुतेक वेळा त्यातला एकही रस्त्याला टेकलेला नसतो! दोन्ही बाजूंना बाहेर काढलेल्या चार लोखंडी पायांवर सगळी गाडी उचलून धरलेली असते. या पायांना साइटवर सरळ ‘जॅक’ म्हणतात.

चांगले टायर असताना हा खटाटोप कशाला? टायर रबराचे, आत हवा, वर स्प्रिंगा. वजन उचललं की गाडी त्या बाजूला दबणार. जरा कलली की वजन आणखी बाहेर झुकणार, मग ती आणखी कलणार, आणि मग सावरायला वेळच उरणार नाही. लोखंडी पाय दबत नाहीत. ते ट्रकच्या रुंदीपेक्षा बरेच लांब पसरतात, आणि अधांतरी झालेल्या ट्रकचं सगळं वजन क्रेनला उलटण्यापासून रोखायच्या कामी येतं.

आता क्रेनवर लिहिलेला आकडा. ‘२५ टन’ वाचलं की वाटतं, ही २५ टन कुठेही उचलून ठेवेल. छे! हा आकडा निम्मंच सांगतो. पाण्याने भरलेली बाटली छातीशी धरा, काही वाटत नाही. तीच हात सरळ लांब करून धरा. मिनिटभरात खांदा बोलायला लागेल. बाटली तेवढीच आहे, वाढलंय ते अंतर. क्रेनचंही तसंच. २५ टनी क्रेन पुरे २५ टन उचलते ती साधारण ३ मीटरवर, म्हणजे अगदी स्वतःला खेटून. १० मीटरवर तिची ताकद सात-आठ टनांवर येते, आणि २० मीटरवर दोनेक टन उचलले तरी पुष्कळ! प्रत्येक क्रेनचा असा वेगळा तक्ता असतो. त्याला म्हणतात लोड चार्ट, आणि तो ऑपरेटरच्या केबिनमध्ये हाताशी हवाच. उचलायच्या वजनात हूक आणि पट्टे यांचंही वजन धरावं लागतं. बूम, म्हणजे क्रेनचा तो लांब हात, खाली झुकवला की अंतर वाढतं. नव्या क्रेनमध्ये यावर नजर ठेवणारा संगणक असतो. मर्यादा जवळ आली की तो पीं-पीं करतो, आणि तरीही ऑपरेटरने ऐकलं नाही तर धोका वाढवणारी हालचालच बंद पाडतो.

म्हणून प्रत्येक जड वस्तू क्रेनने उचलतातच असं नाही. कल्याणचा १९१४ सालचा पत्री पूल आठवतोय का कुणाला? नसेल, पण घरी आजीला विचारा. नोव्हेंबर २०१८ मध्ये रेल्वेने मेगाब्लॉक घेऊन तो क्रेनने काढला. दोन वर्षांनी तिथे नव्या पुलाचा गर्डर, म्हणजे लांब तुळई, आला, सुमारे ७७ मीटर लांब आणि ७०० टनांच्या घरातला. तो रुळांच्या वर अधांतरी धरायचा, तर लांबचं अंतर आणि वजन, दोन्ही अंगावर येणार. तेव्हा इंजिनिअरांनी तो उचललाच नाही, एका बाजूने पुढे सरकवत पलीकडे नेला. मला तर ही युक्ती कुठल्याही मोठ्या क्रेनपेक्षा जास्त आवडते.

मेगाब्लॉकचा रविवार आला की घरातली मोठी माणसं कुरकुरतात. पण रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. बूम तारेला न चिकटता नुसता फार जवळ गेला, तरी वीज उडी मारू शकते. म्हणून आधी वीज बंद, गाड्या बंद, मग क्रेन.

आणि पायांखाली काय आहे? आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा. ठाणे-डोंबिवलीत कुठे खाडीकाठचा भराव, कुठे रस्त्याखाली गटार, आणि कल्याण-शिळ रस्त्याच्या कडेने एमआयडीसीची पाण्याची मोठी पाइपलाइन. वरून डांबर सारखंच दिसतं! समजा एका पायावर १६ टन भार आला आणि त्याची थाळी ४० सेंटीमीटर लांब-रुंद आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १० किलो. आता त्याखाली १२० सेंटीमीटर लांब-रुंद जाड लाकडी फळ्यांचा पाट घातला, तर तोच भार नऊपट जागेत पसरतो आणि दाब येतो सव्वा किलोच्याही आत. करून बघा गणित. पाट घातले की ऑपरेटर खाली वाकून लेव्हलच्या काचेतला बुडबुडा बघतो. तो मधोमध आला नाही, तर एक पाय थोडा वर, दुसरा थोडा खाली, असं चालू राहतं. अनुभवी माणूस या कामात अजिबात घाई करत नाही. मग वजन वीतभरच उचलायचं आणि थांबायचं. पट्टा सरकतोय का, पाय रुततोय का, हे बघायचं, आणि मगच वर न्यायचं. वारा जोरात सुटला तर कामच बंद, कारण मोठा पत्रा शिडासारखा वारा धरतो.

लटकत्या वजनाखाली मात्र कुणीही उभं राहायचं नाही, अगदी साहेबानेसुद्धा. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. ते यंत्र ट्रकवरच्या क्रेनपेक्षा वेगळं होतं, पण उंचावरचं वजन खाली आलं की काय होतं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

ऑपरेटरला बऱ्याचदा वजन दिसतही नाही. मध्ये भिंत असते, नाहीतर खांब. तेव्हा तो खाली उभ्या असलेल्या सिग्नलमनच्या हातांकडे बघून क्रेन चालवतो. तर्जनी वर करून हात गोल फिरवला, म्हणजे उचल. बोट जमिनीकडे करून फिरवलं, म्हणजे सोड. हात बाजूला सरळ आणि अंगठा वर, म्हणजे बूम वर घे. दोघांनी खुणा केल्या तर घोळ होतो, म्हणून खुणा करणारा एकच. ‘थांब’ ही खूण मात्र कुणीही करावी. कोपऱ्यात सिमेंट कालवणाऱ्या बाईने केली, तरी ऑपरेटरने आधी थांबायचं आणि काय झालं ते मग विचारायचं.