खडकवासल्याच्या वाटेवरचं इंग्रजी

खडकवासला धरणाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तीन वर्षांत इथले छात्र लष्करी प्रशिक्षणासोबत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही मिळवतात. म्हणजे विद्यापीठ आणि नोकरी, दोन्हींसाठी लागणारं इंग्रजी इथे एकत्रच पणाला लागतं.

प्रवेशाची लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यातले २०० गुण इंग्रजीचे: ५० प्रश्न, चूक शोधा, विस्कटलेली वाक्यं लावा, उतारा वाचून उत्तर द्या. गणिताचा पेपर हिंदीतही छापलेला असतो. इंग्रजीला मात्र पर्याय नाही.

इथवर शब्दांच्या याद्या पाठ करून पोहोचता येतंही. खरी कसोटी पुढे, निवड मंडळासमोर. तीस सेकंद एक चित्र पाहायचं, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग ती गटात सांगून चर्चा करायची. मराठी माध्यमातली हुशार मुलं अनेकदा इथेच अडखळतात. ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. तोंडाला सवय नसते म्हणून.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण वर्गात मुलं इंग्रजी बहुतेक ऐकतात आणि फळ्यावरून उतरवतात. बोलण्याची पाळी क्वचितच येते. हीच उणीव भरून काढायला हवी.

प्रबोधिनीत मराठी मुलांचा टक्का वाढावा म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.

घरी तयारी करणाऱ्यांनी रोज एक बातमी मोठ्याने वाचावी, वर्तमानपत्र मिटावं आणि तीच बातमी मित्राला स्वतःच्या चार वाक्यांत सांगावी. व्याकरण चुकलं तरी वाक्य पूर्ण करावं. दुरुस्ती नंतर, लिहिताना.