मागे राहिलेल्यांचा भाग

लांबलचक चालणाऱ्या कुठल्याही मालिकेत एखादा भाग असा असतो, की त्याचं नाव काढलं तरी चाहते कपाळाला हात लावतात. 'डॉक्टर हू' या इंग्लंडच्या विज्ञानमालिकेत तो मान 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' या भागाला मिळालाय. १७ जून २००६ रोजी तो बीबीसीवर लागला. तेव्हापासून 'सगळ्यात वाईट भाग कोणता' असं विचारलं, की याचं नाव हटकून येतं. मला मात्र हा भाग आवडतो. नुसता आवडत नाही, त्याच्यासाठी भांडायचीही माझी तयारी आहे!

ज्या मैत्रिणींनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉक्टर म्हणजे आपला दवाखान्यातला डॉक्टर नव्हे. हा परग्रहावरचा माणूस. पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून तो कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर जातो. सोबत बहुतेक वेळा पृथ्वीवरचं कुणीतरी असतं. १९६३ साली सुरू झालेली ही मालिका १९८९ साली थांबली आणि २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली. तेव्हा डॉक्टरबरोबर निघाली रोझ टायलर, लंडनच्या एका दुकानात काम करणारी एकोणीस वर्षांची पोर. मागे फ्लॅटमध्ये एकटी उरली तिची आई, जॅकी. बाप तर रोझ तान्ही असतानाच गेलेला.

चाहत्यांची पहिली तक्रार अशी, की या भागात डॉक्टर आणि रोझ जेमतेम दिसतात. खरंच आहे ते. तेरा भाग आणि वर नाताळचा एक विशेष भाग, एवढं चित्रीकरण ठरल्या वेळात बसेना. म्हणून दोन भागांचं काम एकाच वेळी चालवायचं ठरलं आणि त्यातला एक नायकाशिवाय निभावायचा होता. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो. डेव्हिस यांनी तसं केलं नाही, त्यांनी पदार्थच वेगळा केला.

एल्टन पोप हा साधासुधा तरुण कॅमेऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगतो. लहानपणी एका रात्री त्याने डॉक्टरला आपल्याच घरात पाहिलेलं असतं. तो कोण, का आला होता, हे कोडं काही सुटलेलं नसतं. त्यापायी त्याला उर्सुला भेटते, मग ब्रिजेट, ब्लिस, मिस्टर स्किनर. सगळे डॉक्टरच्या मागावर. गटाचं नाव ठेवतात 'लिंडा' आणि दर आठवड्याला एका तळघरात जमतात. आधी डॉक्टरबद्दलच बोलणं होतं. मग हळूहळू ब्रिजेट काहीतरी खायला करून आणते, स्किनर आपली कादंबरी वाचून दाखवतो, सगळे मिळून वाद्यवृंद काढतात. आणि एकदा ब्रिजेटच्या तोंडून निघून जातं, की तिची मुलगी नशेपायी बेपत्ता झालीय. पार उत्तरेकडून ती लंडनला येत राहते, ती लेकीला शोधायला.

जेमतेम काही मिनिटांचं आहे हे सगळं. पण बचत गटाचं काम केलेली कुणीही बाई ते ओळखेल. बैठकीला बायका येतात पैसे भरायला, बसून राहतात त्या मात्र पैशांसाठी नाही. वही मिटली की खरी बैठक सुरू होते.

मग येतो व्हिक्टर केनेडी. भारी कपडे, हातात काठी, कुणाचा स्पर्श चालत नाही. म्हणे त्वचेचा विकार आहे! तो कामं वाटून देतो, चुकलं की अंगावर ओरडतो. गाणं बंद, खाणं बंद. ब्लिस यायची थांबते, मग ब्रिजेट. बाकीचे 'आली नाही वाटतं' म्हणतात आणि मुकाट्याने कामाला लागतात. पुढे कळतं की हा माणूसच नव्हे. हात लावून माणसं अंगात शोषून घेणारा हिरवट राक्षस आहे, आणि न आलेल्यांचे चेहरे त्याच्या अंगावर उमटलेत.

लोक या राक्षसाला हसतात. तो एका नऊ वर्षांच्या मुलाने कागदावर काढलेला. 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमातल्या स्पर्धेत त्याचं चित्र पहिलं आलं होतं. दिसतोही तसाच, रबरी आणि बेढब. मला त्याचं काही वाटत नाही. बाहेरून येऊन गट 'सुधारणारे' राक्षस मी जवळून पाहिलेत, ते चांगले इस्त्रीच्या कपड्यांत असतात. त्यांना उद्दिष्टं हवी असतात, फोटो हवे असतात, सभेला डोकी हवी असतात. आधी हसणं थांबतं, मग दोघीचौघी येईनाशा होतात. कागदावर गट असतोच, उलट आधीपेक्षा जाड झालेला. हा राक्षस लिहिणाऱ्याला गट म्हणजे काय ते नक्की ठाऊक असणार.

आणि जॅकी! व्हिक्टर एल्टनला रोझचा फोटो देऊन पाठवतो, तिच्या आईला गाठ आणि डॉक्टरचा ठावठिकाणा काढ म्हणून. एल्टन कपडे धुवायच्या दुकानात तिला शोधत येतो, तर तीच आपणहून त्याच्याशी बोलायला लागते. इतकी बोलायला आसुसलेली. मग घरातल्या बारीकसारीक दुरुस्त्यांसाठी त्याला बोलावते, जरा लगटही करते. ("आई, ही बाई कसली आहे गं!" असं माझी लेक म्हणाली. मी म्हटलं, "एकटी आहे.") एवढ्यात रोझचा फोन येतो. फोन ठेवल्यावर नखरा कुठल्या कुठे जातो. उरते ती लेकीच्या आठवणीने खचलेली आई. एल्टनचंही मन बदलतं. हेरगिरी राहू दे, हिच्यासोबत बसून जेवावं, म्हणून तो पिझ्झा आणायला धावतो. तेवढ्यात तिच्या हाती त्याच्या कोटातला फोटो लागतो.

तो परतल्यावर ती जे सुनावते, त्यासाठी तरी हा भाग बघावा. मागे राहणं किती कठीण असतं आणि त्यात माणूस स्वतःच कसा कठीण होत जातो, हे ती सांगते. आणि मुलीला, त्या डॉक्टरलासुद्धा, शेवटच्या श्वासापर्यंत जपणार, हेही. कॅमिल कोडुरी या अभिनेत्रीला तोवर बहुतेकदा भांडकुदळ, हसवणारी आई म्हणूनच वापरलं होतं. इथे पहिल्यांदा तिच्या बाजूने सगळं दिसतं. शेवटी डॉक्टर आणि रोझ येतात, ते जग वाचवायला नव्हे. 'माझ्या आईला का दुखावलंस' म्हणून एल्टनला जाब विचारायला येते रोझ!

शेवटाची बाजू मात्र मी पूर्ण घेणार नाही. राक्षस मरतो, पण गिळलेल्यांपैकी एकट्या उर्सुलाला डॉक्टर वाचवू शकतो, तेही फरशीवरचा चेहरा म्हणून. ती फरशी एल्टन घरी आणतो. 'बाईची चक्क फरशी केली' असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेते. त्या दोघांच्या सहजीवनाबद्दल एक चावट वाक्य आहे, ते कापायलाच हवं होतं. पण त्याच शेवटात डॉक्टर एल्टनला सांगतो, की त्या रात्री तो घरात आला होता, तेव्हा एल्टनची आई वारली होती आणि तिला वाचवायला त्याला उशीर झाला होता. म्हणजे ज्या कोड्यापायी हा मुलगा इतकी वर्षं हिंडला, त्यात मुळाशी आईच होती.

पुढच्याच वर्षी, ९ जून २००७ ला, 'ब्लिंक' लागला. त्यातही डॉक्टर जेमतेमच आहे, आणि तो भाग मात्र सगळ्यांचा लाडका. उत्तमच आहे तो, दगडी पुतळ्यांची भीती रात्री झोपू देत नाही. पण त्यात कुणाची आई फोनची वाट बघत बसत नाही.

बघणार असाल तर आधी २००५ सालचा 'एलियन्स ऑफ लंडन' बघा. त्यात बारा तासच झालेत असं समजून परतलेली रोझ प्रत्यक्षात बारा महिन्यांनी उगवते, आणि तोवर जॅकीने गल्लोगल्ली तिच्या शोधाची पत्रकं लावलेली असतात. त्यानंतर 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' लावा. मुलं शेजारी असली तरी हरकत नाही, ते एक वाक्य येईल तेव्हा आवाज तेवढा कमी करा.