पोलंडचे प्रांत आणि ब्रसेल्सची थैली

सर्रास असं म्हटलं जातं की, युरोपीय संघात शिरायचं म्हणून पूर्व युरोपातल्या देशांनी सत्तेचं विकेंद्रीकरण केलं. आज आपण पोलंड समोर ठेवून हे विधान जरा तपासून घेऊ.

आधी कालक्रम बघा. 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट ढासळली आणि मे 1990 मध्ये 'ग्मिना', म्हणजे गाव-शहर पातळीवरच्या स्थानिक संस्थांच्या, मुक्त निवडणुका झाल्यासुद्धा. संघाच्या सदस्यत्वाचा अर्ज गेला तो 1994 मध्ये. तेव्हा पहिलं पाऊल घरचंच होतं. येझी रेगुल्स्की यांच्यासारखे अभ्यासक ऐंशीच्या दशकापासून त्याचा विचार करत होते.

1999 ची सुधारणा मात्र वेगळी. 49 छोटे प्रांत मोडून 16 मोठे प्रांत केले. प्रांत आणि ग्मिना यांच्यामध्ये 'पोव्यात' हा जिल्ह्यासारखा स्तर परत आणला. सरकारला खरं तर 12 च प्रांत हवे होते. ओपोले, किएल्त्से इथले लोक हटून बसले आणि तडजोड 16 वर झाली. या वादात 'प्रांत युरोपात शोभेल एवढा हवा' हा मुद्दा वारंवार येई. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. निवडून आलेली प्रांतिक सभा हवीच, अशी संघाची अट कधीच नव्हती. हंगेरी पोलंडबरोबर त्याच दिवशी, 1 मे 2004 रोजी, संघात आला, तो नियोजनापुरते 7 प्रदेश आखून; त्यांना निवडून आलेली सभा नव्हती.

मग संघाला हवं काय होतं? पैसा वेळेत खर्च करून चोख हिशेब देणारा कुणीतरी. त्यामुळे गंमत अशी झाली की, 2004 ते 2006 या काळात प्रांतांसाठीच्या विकासनिधीची सूत्रं वॉर्सातल्या मंत्रालयाकडेच राहिली. नवख्या प्रांतांना हे झेपेल, याची ब्रसेल्सला खात्री नव्हती. म्हणजे ज्याला आपण विकेंद्रीकरणाचा कैवारी समजतो, त्यानेच सुरुवातीला केंद्राचा हात बळकट केला! 2007 पासून चित्र पालटलं. 16 प्रांतांचे 16 स्वतंत्र कार्यक्रम झाले आणि ते प्रांतिक सभेने निवडलेल्या 'मार्शल'च्या कार्यालयाकडे आले. पंतप्रधानांनी नेमलेला 'वोयेवोदा' त्याच प्रांतात बसतो. पण रस्ते, उद्योग, प्रशिक्षण यांसाठीचा युरोपीय पैसा हवा असेल तर लोक मार्शलकडे जाऊ लागले. प्रांताला वजन आलं ते इथून.

फक्त ते वजन उसनं होतं. प्रांताला स्वतःचा कर बसवता येत नाही. केंद्राने गोळा केलेल्या आयकरातला वाटा तेवढा मिळतो. याचा अर्थ काय, ते 2021 मध्ये दिसलं. 2019 मध्ये काही प्रांतिक सभांनी 'एलजीबीटी विचारसरणी'विरोधी ठराव केले होते. निधी अडेल, असा इशारा युरोपीय आयोगाने दिला, आणि सप्टेंबर 2021 मध्ये श्वेंतोक्शिस्के प्रांताने ठराव मागे घेतला. पाठोपाठ आणखी काहींनी तेच केलं. ठराव अन्यायाचे होते, आयोगाने गप्प बसायला नको होतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न टाळता येत नाही: सभा निवडून दिली किएल्त्सेच्या मतदारांनी, आणि तिने जाब दिला ब्रसेल्सला, मग स्वशासन कुणाचं?