घराची रंगसफेदी : लेखांक ९
भिंतीचा लोणा

लांबी कशी मळावी व पत्र्याने भिंतीवर कशी ओढावी, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु राजापूर तालुक्यातील एका वाचकभगिनींची जी कैफियत टपालाने आली आहे, तिची तड लावल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. घर जांभ्याचे, गिलावा चुन्याचा, आणि मुलांच्या हातांनी भिंत मळू नये म्हणून माजघरात कमरेइतक्या उंचीचा ऑइलपेंटचा पट्टा दिलेला. दर दिवाळीपूर्वी रंगारी येऊन तो खरवडतो, लांबी भरतो, पुन्हा तोच रंग देतो, आणि पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच पोपडे सुटतात.

पाकिटातून त्यांनी एक पोपडाही धाडला आहे, हे फार उत्तम केले. पोपड्याची पाठ स्वच्छ असेल तर रंग मुळात नीट धरलाच नव्हता, खाली धूळ किंवा तेलकटपणा राहिला होता, असे समजावे. या पोपड्याच्या पाठीला मात्र गिलाव्याची वाळू आणि मिठासारखी पांढरी बुकणी चिकटून आली आहे. हा लोणा होय.

ज्या जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो, तेथे जमिनीतले पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते आणि येताना वाटेतले क्षार विरघळवून आणते. नुसती चुन्याची सफेदी असेल तर ते पाणी पृष्ठभागावरून उडून जाते व क्षार बाहेरच्या बाहेर झडतात. परंतु ऑइलपेंटचा पडदा आड आला की ओल कोंडते, अधिक वर चढते, आणि क्षार रंगाच्या पाठीशी साकळतात. त्यांपैकी सोडियम सल्फेट हा क्षार, कोरडा असताना जेवढी जागा व्यापतो तिच्या तिपटीहून अधिक जागा, पाणी शोषून स्फटिकरूप झाला म्हणजे व्यापतो. ज्या दाबापुढे गिलाव्याचा भुगा होतो, तेथे रंगाच्या पापुद्र्याची काय कथा! म्हणून पट्टा छातीपर्यंत वाढवावा, हा रंगाऱ्याचा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

प्रथम बाहेर जाऊन पाहावे, की अंगणाची भर जोत्यावर आली आहे काय आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचते काय. त्याचा बंदोबस्त आधी. मग पट्टा समूळ काढावा. जुन्या ऑइलपेंटात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा न घासता पाणी शिंपडून, नाकातोंडावर मास्क बांधून आणि मुलांना दूर ठेवून खरवडावा. पुढे भिंत वाळत जाईल तसा लोणा वर येईल, तो मात्र कोरड्या ब्रशानेच झाडून सुपलीत गोळा करावा. धुतला तर विरघळून पुन्हा आत शिरतो. संपूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवावी, भुसभुशीत झालेला गिलावा सिमेंटने नव्हे, चुन्यानेच भरून घ्यावा, आणि मग भिजवून गाळलेल्या चुन्यात डिंकाचे पाणी घालून दोन-तीन पातळ हात द्यावेत. डिंकामुळे चुना अंगाला फारसा लागत नाही. मुलांच्या हातांचे डाग पडतील ते पडोत, त्यांवर वर्षाकाठी चुन्याचा एक हात फिरवला की पुरे.

लांबी पुढील आठवड्यात.